मालकाचं नाव

केसरबाईला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल, तर वाकलेल्या बाईशी मागून बोलणाऱ्या माणसाची. पुढं यावं, तोंड दाखवावं, मग काय ते विचारावं. पौषातल्या त्या सकाळी बनाबाईच्या रानात बारा बाया घोट्याएवढ्या चिखलात कांद्याची लागण करत होत्या आणि पाठीमागून बारीक आवाज आला, "काकू, एक्स्क्यूज मी, दोन मिनिटं वेळ आहे का?"

केसरबाई वळली नाही. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या अंगठ्यानं चिखलात भोक, भोकात रोप, वरून बोट दाबायचं, चार बोटं सरकायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. पाठीचा मणका न् मणका वेगळा मोजून घ्यावा इतका दुखत होता.

"येळ हाय का म्हंजी? तुला काय दिसतंय?" ती खालच्या मानेनंच म्हणाली.

शेजारच्या वाफ्यात तिची चुलतजाऊ बनाबाई होती. ती खुदकन हसली. "अगं पोरी, पुढनं ये. हिला मागनं बोललेलं खपत न्हाय. जमदग्नी हाय ती."

पोरगी पुढून आली आणि पहिल्याच वाफ्यात तिचा पांढरा बूट गेला. बावीस-तेवीसची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. नाव संस्कृती, पुण्याची. सरकारसाठी अभ्यास करणारी कसलीशी संस्था होती, तिथं ती सहा महिन्यांची इंटर्न होती. कळसच्या अलीकडची ही वस्ती तिच्या वाट्याला आलेली.

"सरकारला धोरण ठरवायला पुरावा लागतो," तिनं सांगितलं. "तो आम्ही गोळा करतो."

"पुरावा?" बनाबाई म्हणाली. "आगं बया, कुणी काय केलं?"

बाया खदाखदा हसल्या. पोरगीही हसली, आणि म्हणून केसरबाईनं तिला घरी ठेवून घेतलं. वस्तीत न्हाणीला कडी असलेलं घर तिचंच होतं. आठ दिवस पोरगी राहिली. केसरबाईची सून ज्योत्स्ना तिला पहाटे उठून पाणी तापवून द्यायची. पोरगी वाईट नव्हती. ताटात टाकत नव्हती, उष्टं स्वतः उचलत होती. फक्त बघत फार होती. भाकरी थापताना बघायची, धार काढताना बघायची आणि किती वाजले ते लिहायची. ज्योत्स्ना एकदा परसाकडनं आली तेव्हाही हिचं बोट टॅबवर. केसरबाईला ते बघून कसंसंच झालं, पण पाहुणी म्हणून ती गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाया बांधावर भाकरीला बसल्या तेव्हा पोरगीनं मुलाखती धरल्या. पहिली केसरबाई.

"काकू, तुम्ही मजुरीला जाता?"

घास तोंडात तसाच राहिला. वस्तीतल्या सहाही घरांच्या बायांनी माना वर केल्या. हा प्रश्न ह्या वस्तीत कुणी विचारत नसे.

"आमी न्हाय जात," केसरबाई एकेक शब्द ठेवत म्हणाली. "लिही नीट. माझ्या सासऱ्यानं धम्माची दीक्षा घेतली त्या साली गावकीची येसकराची काठी चावडीवर टाकली. आन सांगितलं, आजपासनं माझ्या घरातली बाई दुसऱ्याच्या बांधावर हुकमाची वाट बघत हुबी ऱ्हाणार न्हाय. दोन एकर हाय, त्यात मरू. सत्तर वर्सं व्हत आली त्याला. लिहिलंस?"

"लिहिलं. मजुरी, नाही. पण मग इथं? हे शेत तर बनाबाईंचं आहे ना?"

"ही सावड."

"म्हणजे?"

"म्हंजी आज आमी तिच्यात, उद्या ती आमच्यात. परवा त्या पलीकडलीच्यात."

"त्याचे पैसे किती मिळतात?"

"छ्या!" केसरबाईनं तोंड असं केलं की जणू भाकरीत खडा आला. "पैशे घ्यायला आमी काय मजूर हाय?"

पोरगीच्या टॅबवर तीनच चौकोन होते. स्वतःची शेती, मजुरी, यापैकी नाही. तिनं तिथूनच तिच्या सरांना फोन लावला. सर पलीकडून घाईत बोलत होते आणि आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला. "शेत तिचं नाही, मोबदलाही नाही ना? मग तिसरं टाक. पुढं चल, आज वीस फॉर्म झाले पाहिजेत." पोरगीनं तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग बाकीच्या अकरा जणींनीही तेच सांगितलं, एकीपेक्षा एक मान ताठ करून. आमी न्हाय जात मजुरीला. केसरबाईनं खरकटं बोट पदराला पुसून टॅबवर सही केली. सही चांगली वळणदार होती तिची, चौथी शिकलेली. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला, भानुदासला तिनं कौतुकानं सांगितलं, "पार पुण्यापातुर आपलं नाव गेलं बघा आज."

आता वस्तीत बायांना असं उजेड असेतो वाकून राहता येत होतं ते पाळणाघराच्या जिवावर. शाळेच्या जुन्या खोलीत शकुबाई नावाची पलीकडच्या वाडीची बाई सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चौदा पोरं सांभाळायची. सरकारी योजना होती. ज्योत्स्नाचा दोन वर्षांचा ऋषिराज तिथंच असायचा. आधी पोरं बांधावर निजवत. तीन वर्षांमागं बनाबाईची नात, दीड वर्षाची, झोपेतून उठून चालत चालत शेजारच्या शेततळ्यावर गेली. तळ्याला प्लास्टिकचा कागद, त्यावरून धडधाकट गडीसुद्धा वर येत नाही. बाया बाजूच्याच रानात होत्या. कुणाला आवाजसुद्धा आला नाही. त्यानंतर ह्या बाराजणींनी इंदापूरला इतके हेलपाटे घातले की कचेरीतला शिपाई त्यांना नावानिशी ओळखायला लागला, तेव्हा कुठं ते पाळणाघर आलं.

फाल्गुनात शकुबाई कागद घेऊन केसरबाईच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. "एक तारखेपासनं बंद म्हणत्यात."

"का बरं?"

"तुमची गरज न्हाय म्हणं. तसा अभ्यास झालाय."

चार दिवसांनी शाळेत सभा लागली. मोठे साहेब आले, गाडी, शाल, नारळ. भिंतीवर पांढरी चादर लावली आणि त्यावर चित्रं पडायला लागली. संस्कृती कोपऱ्यात संगणक धरून बसली होती. साहेब गोड बोलत होते. तालुक्यात पहिल्यांदाच असा शास्त्रशुद्ध अभ्यास झालाय, आता अंदाजपंचे काही होणार नाही. "या वस्तीतल्या महिलांना," साहेबांनी काठी चादरीवर टेकवली, "रोज सरासरी पाच तास चाळीस मिनिटं फावला वेळ आहे. पाळणाघर असतं कामकरी मातांसाठी. तेव्हा ही खोली आपण अगरबत्ती प्रशिक्षणाला देतोय. फावल्या वेळेतून उद्योग!" टाळ्या वाजल्या. पुढच्या खुर्च्यांवर गावातले पुरुष होते, ते वाजवत होते.

आणि मग चादरीवर फोटो पडला. बांधावर भाकरी खात बसलेल्या बाया. मधोमध केसरबाई, तोंड हे एवढं उघडं, दातांत भाकरी, हसतेय. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, फावला वेळ.

सकाळी आठपासून वाकलेली बाई बारा वाजता वीस मिनिटं बसली, तेवढंच ह्यांनी टिपलं होय? आणि आपलं ते घाणेरडं उघडं तोंड एवढ्या गावापुढं! तिला वाटलं, उठावं आणि त्या चादरीवर थुंकावं. ती उठली.

"सायब, ते जेवताना काढलंय. त्याच्या आधी न् मागं आमी काय करत हुतो ते कुठं हाय?"

"आजी, तुम्हीच सांगितलंय की. मजुरीला जात नाही म्हणून. सही आहे तुमची."

"आमी सावडीनं करतो."

"काम करता?"

"मग काय फुगडी खेळतो चिखलात?"

हशा झाला. साहेब हसले नाहीत. पण माणूस अगदीच दगड नव्हता. "हे बघा, काम असेल तर त्याचा पुरावा द्या. योजनेत मजूर महिला बसतात. कुणाच्या शेतात काम करता, त्या मालकाचा दाखला आणा. आठ दिवसांची हजेरी जोडा. मी स्वतः पाळणाघर चालू ठेवतो. महिनाभर थांबतो, चला."

संस्कृतीनं कागद वाटले. वर बघून दिले नाहीत. केसरबाईनं वाचलं. 'मी खालील मालकाच्या शेतात मजूर म्हणून काम करते.' त्याखाली एक लांब रेघ, मालकाचे नाव. त्याखाली मालकाची सही.

"बाई," ती संस्कृतीला म्हणाली, "आठ दिवस माझ्या घरी जेवलीस. तुला म्यां सावड सांगितली हुती का न्हाय?"

"सांगितली होती काकू." पोरगीचे डोळे भरले. "फॉर्मला रकानाच नव्हता. मी सरांना म्हटलं पण होतं."

"रडू नगंस. लई शिसारी येती मला रडण्याची. तुझं काय गेलंय?"

घरी आल्यावर तिनं ताट सारलं. भानुदास म्हणाला, "एवढं काय त्यात? कागुदच हाय नुसता."

"नुसता असता तर त्यांनी मागितला असता का? सासऱ्याच्या फोटूखाली बसून मी लिहू? माझा मालक अमका म्हणून?"

ज्योत्स्ना चुलीपुढं होती. कधी उलटून न बोलणारी पोर. तिनं फुंकणी खाली ठेवली. "आत्या, तुमी लिहा न्हायतर नका लिहू. मी लिहिणार हाय. ऋषिराजला बांधावर टाकून मला वाकायचं न्हाय. पाठ दुखली तर सोसंल, पर दर घटकंला मान वळवून तळ्याकडं बघणं मला सोसायचं न्हाय."

केसरबाईनं सारलेलं ताट उचलून ठेवलं. मग कागद उचलून बनाबाईच्या दारात गेली.

बनाबाई गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झालेले. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, "घाल माझं नाव."

"बने, मालक म्हणून?"

"घाल गं. माझी नात तळ्यातनं काढली तवा काय उपेगाला आला आपला ताठा? मी तुझं घालती. तू माझी मालकीण, मी तुझी. फिट्टमफाट."

दोघी हसल्या. हसताना बरं वाटलं, पण लिहायला बसल्यावर केसरबाईनं पेन दोनदा खाली ठेवलं. मजुराचे नाव, केसरबाई. मालकाचे नाव, बनाबाई. वळणदार अक्षर वाकडंतिकडं आलं. तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं, ती दारात जाऊन थुंकून आली. मग सगळ्या वस्तीनं तसंच केलं. बारा बाया एकमेकींच्या मजूर झाल्या आणि बारा एकमेकींच्या मालकिणी.

चैत्रात कांदा काढणीला आला. पात मान टाकायला लागली की आठ-दहा दिवसांत कांदा उपटून घ्यावा लागतो. पात वाळून तुटली की हाताला काही लागत नाही, एकेक कांदा खुरप्यानं खणायचा. सावडीचा फेरा सुरू झाला तशी संस्कृतीही हजेरी घ्यायला आली. ह्या वेळी तिला कसूर ठेवायची नव्हती. आपल्या हातून झालेलं आपणच निस्तरायचं, असं तिनं मनावरच घेतलं होतं. कोण किती वाजता आली, किती वाजता उठली, कोण मध्ये घरी गेली, मिनिटासकट सगळं ती लिहायची. बांधावर छत्री लावून ती बसायची आणि बाई आली की म्हणायची, "रेश्माताई, आठ वीस."

रेश्मा ही बनाबाईची सून, गेलेल्या पोरीची आई. पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ज्योत्स्नाला किती लिहिलंय?" चौथ्या दिवसापासून बाया एकमेकींकडं बघून यायला लागल्या. आधी कुणी येताना सरपण वेचून यायची, कुणी ऊन चढलं की म्हशीला पाणी दाखवून परत यायची, कुणी विचारत नसे. आता जिनं उठावं तिच्या पाठीवर अकरा जणींची नजर. गाणीसुद्धा बंद झाली. रानात नुसता पात तुटल्याचा आवाज आणि कांद्याचा उग्र वास.

सातव्या दिवशी पोरगीनं बेरीज केली आणि आनंदानं वाचून दाखवली. तिला वाटलं, बायांना अभिमान वाटेल. "केसरकाकू आणि ज्योत्स्नाताई मिळून एकशे एकवीस तास. सगळ्यात जास्त! बनाकाकू आणि रेश्माताई, अठ्ठ्याऐंशी."

बनाबाईचे गुडघे तिसऱ्या प्रहरी धरायचे, ती उठून जायची. गेली पाच वर्षं जात होती. केसरबाईला ते माहीत होतं, इतकं माहीत होतं की कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आता आकडा कानात बसला. एकशे एकवीस, अठ्ठ्याऐंशी. रात्री कूस बदलताना तो तिला टोचला. स्वतःचीच घाण वाटली तिला, पण आकडा काही जाईना.

हजेरीचे आठ दिवस भरले, कागद गेले. साहेबांनी शब्द पाळला. पाळणाघर राहिलं. शकुबाईनं पेढे वाटले आणि संस्कृतीनं जाताना केसरबाईच्या पायांना हात लावला.

फेऱ्यात शेवटचं रान केसरबाईचं. पात पार पिवळी पडलेली, एकेक दिवस महत्त्वाचा. पहिल्या दिवशी बाराही जणी आल्या. तीनच्या सुमाराला बनाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, कंबरेचा पदर सोडला. केसरबाईनं तिला उठताना पाहिलं. अजून पाच वाफे राहिलेले. आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "बने, अजून आठ तास न्हाय भरलं."

हातातला कांदा हातात राहिला.

बनाबाईनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. नवीन बाई बघावी तसं बघितलं. "व्हय मालकीणबाई," ती म्हणाली, खाली वाकली आणि सहा वाजेपर्यंत सरळ झाली नाही.

संध्याकाळी ती लंगडत गेली. दुसऱ्या दिवशी बांधावर कुणी आलं नाही. केसरबाई आणि ज्योत्स्ना दोघीच. दुपारपर्यंत अडीच वाफे झाले. पात हातात तुटून यायला लागली, खुरपं घ्यावं लागलं. ढिगावरचा कांदा उन्हानं चट्टे पडून भाजत होता, झाकायला हात नव्हते. तिसऱ्या दिवशीही तेच. ज्योत्स्नाच्या तळहाताला फोड आले. तिनं हाताला चिंधी बांधली आणि पुन्हा खुरपं धरलं, ते केसरबाईला शिवीसारखं लागलं.

दिवस कलताना केसरबाई बनाबाईच्या दारात गेली. माफी मागायचीच म्हणून गेली होती. बनाबाई ओट्यावर होती, पाय लांब करून.

"बने, कांदा चाललाय गं माझा."

"येतो की. समद्या येतो," बनाबाई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "रोज काय देतीस?"

थट्टा असेल म्हणून केसरबाई थांबली. बनाबाई हसली नाही. आतून रेश्मा दारात येऊन उभी राहिली. केसरबाईनं माफीचे शब्द जुळवायला तोंड उघडलं. पण डोळ्यांपुढं कांदा होता, वाळलेली पात होती, सुनेचे तळहात होते.

"साडेतीनशे," ती म्हणाली.

"बरं हाय. आठला येतो."

वाटेत केसरबाई दोनदा थुंकली. घरी येऊन चूळ भरली, मिसरी लावली, पुन्हा चूळ भरली. तोंड काही स्वच्छ वाटेना. सासऱ्याच्या फोटोखाली दिवा लावायचा होता, तो तिनं ज्योत्स्नाला लावायला सांगितला.

सकाळी आठला बाया आल्या. एक मिनिट अलीकडं नाही, एक पलीकडं नाही. कुणी हाक दिली नाही. पोरं पाळणाघरात पोचवून दहाजणी बांधावर ओळीनं येऊन थांबल्या. बनाबाई कडेला, काठी टेकून. रानात कुणी पाय घातला नाही. केसरबाई वाफ्यात वाकलेली होती. तिला वाटलं, येतील, बसतील, रोजच्यासारखं कुणीतरी काहीतरी बोलेल. तिनं दोन कांदे खणले, तीन खणले. बाया उभ्याच.

मग मागून बनाबाईचा आवाज आला, "मालकीणबाई, कुठनं धरायचं?"

केसरबाई उठली. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या, ती काय सांगते म्हणून थांबल्या होत्या. तिनं हात वर केला आणि दाखवलं.

"तिकडनं धरा."

तेव्हा त्या खाली उतरल्या.